तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक म्हणजे आठवी-नववीची मुले आणि त्यांचे पालक. दुसरे म्हणजे ज्यांच्याकडे टेप आहे, वाकडातिकडा प्लॉट किंवा शेताचा तुकडा आहे आणि तो नेमका किती भरतो हे जाणून घ्यायचे आहे असे लोक. सूत्र दोघांचे एकच असले तरी अडचणी वेगळ्या असतात, म्हणून काही उत्तरे वहीपुरती आहेत आणि काही बांधावरची.

फक्त तीन बाजूंची लांबी माहीत आहे, उंची माहीत नाही. क्षेत्रफळ निघेल का?

निघेल, आणि दुसरे काहीही मोजावे लागणार नाही. बाजूंना अ, ब, क म्हणू. तिन्हींची बेरीज करून निम्मी करा. ही झाली अर्धपरिमिती, तिला स म्हणू. मग

क्षेत्रफळ = √[ स × (स − अ) × (स − ब) × (स − क) ]

यालाच हिरोचे सूत्र म्हणतात.

बाजू १३, १४, १५ असतील तर बेरीज ४२ आणि स = २१. स मधून एकेक बाजू वजा केली की ८, ७, ६ उरतात. २१ × ८ × ७ × ६ = ७०५६ आणि त्याचे वर्गमूळ ८४. बाजू फुटांत असतील तर ८४ चौरस फूट, मीटरमध्ये असतील तर ८४ चौरस मीटर.

पडताळा म्हणून एक लक्षात ठेवा: वजाबाकी करून आलेल्या तीन संख्यांची बेरीज पुन्हा स इतकीच यायला हवी. इथे ८ + ७ + ६ = २१. नाही आली तर पुढे जाऊ नका, आधीच कुठेतरी चूक झाली आहे.

‘पाया गुणिले उंची भागिले दोन’ हे सोपे सूत्र असताना हा खटाटोप कशाला?

कागदावर ते सोपेच आहे. पण शेतात उंची म्हणजे समोरच्या कोपऱ्यातून या बांधावर टाकलेला काटकोनी लंब. तो बांधाला नेमका कुठे लागतो हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. काटकोन चार-पाच अंशांनी चुकला तरी कळत नाही. शिवाय मध्ये विहीर, गोठा, नाहीतर उभा ऊस असतो. बाजू मात्र खुंटीपासून खुंटीपर्यंत टेप ताणून मोजता येते. जे मोजणे सोपे आहे त्यावरून जे मोजणे अवघड आहे ते काढणे, एवढाच या सूत्राचा उद्योग.

उत्तर एकच येईल याची खात्री काय? त्याच तीन बाजूंचा वेगळा त्रिकोण निघाला तर?

निघत नाही. बांबूच्या तीन काठ्या टोकांना बांधून त्रिकोण करा आणि दाबून पाहा. काठी मोडेल, पण आकार बदलणार नाही. छपराची कैची त्रिकोणांची करतात ती याच कारणाने. तीन लांब्या ठरल्या की तिन्ही कोन ठरले आणि क्षेत्रफळही ठरले.

चार काठ्यांचा चौकोन मात्र एका बाजूला सरकतो, दबतो, थेट चपटा होतो. काठ्या त्याच असतात पण आतली जागा कमी होत जाते. पुढच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

माझ्या चौकोनी शेताच्या चारही बाजू मोजल्या आहेत. आता क्षेत्रफळ सांगा.

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि याचे उत्तर देता येत नाही. भास्कराचार्यांनी लीलावती या गणिताच्या ग्रंथात (इ.स. ११५०) या प्रश्नावर चांगलाच चिमटा काढला आहे. चौकोनाचा एखादा कर्ण किंवा लंब न सांगता जो नेमके फळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा, असे ते म्हणतात. त्यामुळे मी उत्तर न देऊन स्वतःची सुटका करून घेतो आणि तुम्हाला पुन्हा शेतात पाठवतो: एक कर्ण मोजून आणा.

कर्णाने काय फरक पडतो ते आकड्यांतच पाहू. समजा बांध ओळीने १३०, १४०, १२० आणि ९० फूट आहेत. समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारा कर्ण १५० फूट आहे आणि त्याच्या एका अंगाला १३० व १४० चे बांध, दुसऱ्या अंगाला १२० व ९० चे.

पहिला त्रिकोण १३०, १४०, १५०. स = २१०. २१० × ८० × ७० × ६० चे वर्गमूळ ८४०० चौरस फूट.

दुसरा त्रिकोण १२०, ९०, १५०. स = १८०. १८० × ६० × ९० × ३० चे वर्गमूळ ५४०० चौरस फूट.

एकूण १३,८०० चौरस फूट, म्हणजे १२.६७ गुंठे.

आता बांध तेच ठेवा, एक फूटही बदलू नका, फक्त कर्ण १५० ऐवजी २०० फूट भरला असे समजा. त्रिकोण होतात १३०, १४०, २०० आणि १२०, ९०, २००. त्यांची क्षेत्रफळे सुमारे ९०५८ आणि ३१६५, एकूण १२,२२३ चौरस फूट. म्हणजे ११.२२ गुंठे. चारही बांधांची लांबी तीच असूनही जवळजवळ दीड गुंठ्याचा फरक पडला. गावाजवळच्या जमिनीत दीड गुंठा म्हणजे काय, हे सांगायला नको.

पण आमच्याकडे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणतात. ते चुकीचे का?

आयताकृती तुकड्याला ते बरोबर आहे. बाकी कुठल्याही चौकोनाला ते जास्त क्षेत्रफळ दाखवते. नेहमी जास्तच, कमी कधीच नाही. म्हणून ही रीत विकणाऱ्याच्या सोयीची आहे.

वरच्याच शेतावर करून पाहा. १३० आणि १२० ची सरासरी १२५, १४० आणि ९० ची सरासरी ११५. गुणाकार १४,३७५ चौरस फूट, म्हणजे १३.२ गुंठे. कर्ण १५० असलेल्या शेतात अर्ध्या गुंठ्याहून अधिक जमीन हवेतून आली. कर्ण २०० असेल तर जवळजवळ दोन गुंठे!

कारण अवघड नाही. दोन बाजू ठरलेल्या असताना त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्यांच्यात काटकोन असेल तेव्हा सर्वांत जास्त, म्हणजे गुणाकाराच्या निम्मे असते. चौकोनाचे दोन्ही कर्णांनी पाळीपाळीने तुकडे पाडून हीच मर्यादा लावली की सरासरीचा गुणाकार ही क्षेत्रफळाची कमाल हद्द निघते. ती हद्द गाठायला चारही कोपरे काटकोनी लागतात.

ही सवय आपल्या गावापुरती नाही. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतींवर टॉलेमी राजांच्या काळात देवाला दान दिलेल्या जमिनींची यादी कोरलेली आहे, तिच्यात हाच हिशेब आहे. तिकोनी तुकडा आला की चौथी बाजू शून्य धरायची आणि तीच सरासरी चालवायची! आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ही रीत दिली खरी, पण तिला ‘स्थूल’ म्हणून. त्याच श्लोकात पुढे ‘सूक्ष्म’ रीतही सांगितली.

ब्रह्मगुप्ताची सूक्ष्म रीत म्हणजे काय? ती वापरून चौकोन सुटेल का?

चारही बाजूंच्या बेरजेची निम्मी घ्या, तिच्यातून एकेक बाजू वजा करा, उरलेल्या चार संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. चौथी बाजू शून्य केली की हेच त्रिकोणाचे सूत्र होते. दिसायला फार देखणे आहे.

पण ते खरे ठरते ते चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तेव्हाच. आपल्या शेताला लावले तर २४० मधून बाजू वजा करून ११०, १००, १२०, १५० मिळतात आणि उत्तर सुमारे १४,०७१ चौरस फूट येते. त्या चार बांधांत जास्तीत जास्त एवढी जमीन मावू शकते, असा त्याचा अर्थ. तुमच्या शेताचे कोपरे कुणी वर्तुळावर मांडून दिलेले नसतात, तेव्हा कर्ण मोजणेच बरे.

भास्कराचार्यांनी या सूत्राबद्दलचा निवाडा एका श्लोकात देऊन टाकला आहे:

सर्वदोर्युतिदलं चतुःस्थितं बाहुभिर्विरहितं च तद्वधात् ।
मूलमस्फुटफलं चतुर्भुजे स्पष्टमेवमुदितं त्रिबाहुके ॥

सर्व बाजूंच्या बेरजेची निम्मी चार ठिकाणी मांडा, त्यांतून बाजू वजा करा, गुणाकाराचे मूळ घ्या. चौकोनात हे फळ अस्फुट, त्रिकोणात मात्र स्पष्ट. माझ्या मते या विषयावर यापेक्षा नेमके दोन ओळींत कुणी लिहिलेले नाही. अख्खी रीत आणि तिची मर्यादा, दोन्ही त्यात आहेत.

मग सूत्राला हिरोचे नाव का? ते शोधले कोणी?

अलेक्झांड्रियाचा हिरो (हेरॉन असेही लिहितात) इसवीच्या पहिल्या शतकातला. त्याच्या मेट्रिका या ग्रंथात हे सूत्र सिद्धतेसह आहे, म्हणून त्याचे नाव लागले. तो ग्रंथ शतकानुशतके हरवलेलाच होता. हस्तलिखित सापडले १८९६ मध्ये, तेही इस्तंबूलला. अकराव्या शतकातला विद्वान अल-बिरुनी याने हे सूत्र आर्किमिडीजचे असल्याचे लिहून ठेवले आहे. तसे असेल तर ते हिरोपेक्षा तीनशे वर्षांनी जुने.

चीनमध्ये छिन चिउशाओने १२४७ मध्ये तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याची वेगळ्या रूपातली पण त्याच उत्तराची रीत दिली. गंमत अशी की त्याच्या उदाहरणातल्या वाळूच्या शेताच्या बाजू १३, १४, १५ ली (ली हे लांबीचे चिनी माप). हिरोच्या ग्रंथातही १३, १४, १५ चा त्रिकोण आहे. आणि लीलावतीतही: ‘मही’ म्हणजे पाया मनूंइतका, म्हणजे १४, भुजा तेरा आणि तिथींइतकी, म्हणजे १५. लागोपाठच्या संख्या असून उंची पूर्णांक १२ आणि क्षेत्रफळ पूर्णांक ८४ येते, म्हणून गणिताच्या मास्तरांना जगभर हाच त्रिकोण आवडत आला आहे.

जाता जाता: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. पाटणादेवीला जाणारे बरेच जण हे न कळताच परत येतात.

सूत्र पाठ आहे, पण ते येते कुठून? मुलाला समजावून सांगायचे आहे.

आधी आकड्यांनी दाखवा, अक्षरांनी नंतर. १४ ची बाजू आडवी पाया म्हणून ठेवा. वरच्या कोपऱ्यातून लंब टाकला की पायाचे दोन भाग पडतात. लीलावतीत त्यांना आबाधा म्हटले आहे. त्या काढण्याची तिथली रीत अशी: दोन भुजांची बेरीज गुणिले वजाबाकी, भागिले पाया. (१५ + १३) × (१५ − १३) ÷ १४ = ४. हे ४ पायात मिळवून निम्मे करा, ९. पायातून वजा करून निम्मे करा, ५. म्हणजे १४ चे ९ आणि ५ असे तुकडे पडले. आता पायथागोरस: १३² − ५² = १४४, लंब १२. दुसऱ्या बाजूनेही १५² − ९² = १४४. क्षेत्रफळ १४ × १२ ÷ २ = ८४.

इथपर्यंत मुलाला पटले की अक्षरे आणा. पाया अ, भुजा ब आणि क, लंब ल. ब च्या बाजूची आबाधा य = (अ² + ब² − क²) ÷ २अ. लंबाचा वर्ग ब² − य². क्षेत्रफळाच्या वर्गाची १६ पट म्हणजे ४ × अ² × ल², म्हणून

१६ × क्षेत्रफळ² = ४अ²ब² − (अ² + ब² − क²)²

उजवीकडे दोन वर्गांची वजाबाकी आहे. तिचे अवयव पाडा:

= [ (अ + ब)² − क² ] × [ क² − (अ − ब)² ]

पुन्हा दोन्ही कंसांत वर्गांची वजाबाकीच. पुन्हा अवयव:

= (अ + ब + क) × (अ + ब − क) × (क + अ − ब) × (क − अ + ब)

हे चार कंस म्हणजे २स, २(स − क), २(स − ब), २(स − अ). चार दोनांचा गुणाकार १६, तो डावीकडच्या १६ शी कटला. झाले सूत्र. आठवीतल्या अवयवांपलीकडे यात काहीही नाही. तरीही बरीच मुले हे सूत्र नुसते घोकतात, याचे वाईट वाटते.

लंब त्रिकोणाच्या बाहेर पडला तर?

हिरोच्या सूत्राला त्याची खबरही लागत नाही. लीलावतीतलाच त्रिकोण घ्या: भुजा १० आणि १७, पाया ९. (१७ + १०) × (१७ − १०) ÷ ९ = २१, जे पायापेक्षा मोठे. आबाधा १५ आणि उणे ६ येतात. उणे म्हणजे लंब पायाच्या बाहेर, वाढवलेल्या रेषेवर. लंब ८, क्षेत्रफळ ३६. सूत्राने १८ × ८ × १ × ९ = १२९६, मूळ ३६. या त्रिकोणाची परिमितीही ३६ आहे. परिमिती आणि क्षेत्रफळ सारखे असलेले पूर्णांक बाजूंचे त्रिकोण सगळे मिळून पाचच आहेत आणि हा त्यांतला एक. बाकीचे चार शोधायला मुलांना सुटीत द्या.

कॅल्क्युलेटर ‘एरर’ दाखवतो. काय चुकले?

बहुतेक वर्गमूळाखाली उणे संख्या गेली आहे. म्हणजे दोन लहान बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी आहे. ४०, ५५, १०० असा त्रिकोण जगात नाही. ९५ फुटांच्या वाटेने १०० फुटांचे अंतर तोडता येत नाही. पुन्हा मोजा. बेरीज बरोब्बर तिसरीइतकी असेल तर क्षेत्रफळ शून्य येईल, तिन्ही खुंट्या एका रेषेत आहेत.

शेतात हे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे टेपचा एक पूर्ण टप्पा मोजायचा राहणे. दुसरे, फूट-इंचांचा घोळ. ४५ फूट ६ इंच म्हणजे ४५.६ नव्हे, ४५.५. इंचांना १२ ने भागायचे आणि मग फुटांत मिळवायचे. चुकीच्या हिशेबांतले निम्मे तरी इथेच चुकलेले असतात, असा माझा अंदाज आहे.

बेरीज विषम आली तर स अपूर्णांकात येतो. टाळता येते का?

येते. निम्मे करूच नका. वरच्या सिद्धतेतले चार कंस थेट वापरा आणि शेवटी वर्गमुळाला ४ ने भागा. बाजू ७, ८, १०: बेरीज २५. बेरजेतून प्रत्येक बाजूची दुप्पट वजा करा: ११, ९, ५. २५ × ११ × ९ × ५ = १२,३७५. मूळ १११.२४, भागिले ४ = २७.८१.

वर्गमूळ पूर्ण येत नसेल आणि कॅल्क्युलेटर नसेल तर?

हिरोनेच त्याची युक्ती दिली आहे, तीही याच सूत्राच्या उदाहरणात. बाजू ७, ८, ९; गुणाकार १२ × ५ × ४ × ३ = ७२०. जवळचा पूर्ण वर्ग ७२९, मूळ २७. ७२० ला २७ ने भागा: २६ २/३. हे आणि २७ यांची सरासरी घ्या: २६ ५/६. याचा वर्ग ७२० १/३६, म्हणजे चूक नावापुरती. आणखी बारकाई हवी असेल तर २७ च्या जागी २६ ५/६ ठेवून पुन्हा तेच करा.

मोजमाप थोडे मागेपुढे झाले तर उत्तर किती बिघडते?

त्रिकोणाच्या अंगयष्टीवर अवलंबून आहे. तिन्ही बाजू १०० फूट असतील तर क्षेत्रफळ ४३३० चौरस फूट. एक बाजू चुकून १००.५ मोजली तर ४३४४.५ येते. फरक साधारण तीन हजारांत दहा, सोडून द्या.

आता १००, १००, १९९ घ्या, म्हणजे जवळजवळ सपाट, सुईसारखा तुकडा. क्षेत्रफळ ९९४ चौरस फूट. १९९ ची बाजू १९९.५ मोजली तर ७०५! अर्ध्या फुटाने एकोणतीस टक्के जमीन गायब. टेपला झोळ पडला तरी एवढी चूक सहज होते.

म्हणून शेताचे तुकडे पाडताना सुया पाडू नका. दोन कर्णांपैकी जो घेतल्याने त्रिकोण जाडजूड होतील तो घ्या, बहुधा आखूड कर्ण. जमल्यास दुसऱ्या कर्णावरूनही हिशेब करा; दोन्ही उत्तरे जुळली तर निश्चिंत व्हा. आणि तुकडा मुळातच सुईसारखा असेल, रस्त्याकडेची पट्टी वगैरे, तर तिथे रुंदी थेट मोजलेली बरी, हिरोचा नाद सोडा.

संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही हीच सुई टोचते, कारण जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करताना शेवटचे अंक उडतात. बर्कले विद्यापीठातले संगणक-गणिती विल्यम काहान यांनी त्यावर उपाय दिला: बाजू उतरत्या क्रमाने लावा (अ सर्वांत मोठी) आणि

√[ (अ + (ब + क)) × (क − (अ − ब)) × (क + (अ − ब)) × (अ + (ब − क)) ] ÷ ४

यातले आतले कंस शोभेचे नाहीत; ते काढले की फायदा गेला. एरवीच्या प्लॉटसाठी साधे सूत्र पुरते.

एक्सेलमध्ये कसे मांडू?

एका ओळीत तीन खाने बाजूंचे, चौथ्यात बेरजेची निम्मी, पाचव्यात वर्गमुळाचे फंक्शन. खाली ओढत गेलात की सगळे त्रिकोण होतात. प्रत्येक ओळीपुढे तो त्रिकोण कोणत्या खुंट्यांचा हे लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याने तुम्हालाच कळणार नाही.

पाच-सहा कोपऱ्यांचे शेत?

त्रिकोण पाडत जा. पाच कोपऱ्यांना तीन त्रिकोण, म्हणजे बांधांखेरीज दोन कर्ण मोजायचे. सहा कोपऱ्यांना चार त्रिकोण, तीन कर्ण. आधी कागदावर कच्चा नकाशा काढून खुंट्यांना क्रमांक द्या.

एखादा कोपरा आत दबलेला असेल तर कर्ण त्या दबलेल्या कोपऱ्यातूनच काढा, म्हणजे तो शेताच्या आत राहील. बाहेरून गेलेला कर्ण धरलात तर शेजाऱ्याची जमीन तुमच्या हिशेबात येते. तेवढ्यावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत.

ओढ्याकाठचा बांध वळणाचा असेल तर वळणावर जवळजवळ खुंट्या ठोकून त्याचे सरळ तुकडे करा.

उताराची जमीन असेल तर टेप जमिनीवर टाकायचा का?

नाही. क्षेत्र नेहमी सपाटीवरचे धरतात, कागदावर वरून पाहिल्यासारखे. टेप आडवा, पाणसळीत धरा आणि टप्प्याटप्प्याने उतरा. वरच्या टोकाशी टेप जमिनीला आणि खालच्या टोकाशी ओळंबा. कोकणात वीस अंशांचा उतार काही विशेष नाही, आणि त्यावर जमिनीलगत मोजलेले १०० फूट सपाटीवर ९४ च भरतात.

चौरस फुटांचे गुंठे कसे करायचे?

१०८९ ने भागा. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. जुने मोजणीदार ३३ फुटांची साखळी वापरत, तिचे १६ आणे, म्हणून गुंठ्यालाही आणे.

गुंठा आणि आर एक समजू नका. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७ चौरस मीटर. एका गुंठ्यात हा फरक दिसत नाही, पण ४० गुंठ्यांचे ४०.४७ आर होतात. आपले १३,८०० चौरस फुटांचे शेत म्हणजे १२८२ चौरस मीटर. सातबाऱ्यावर ते ०.१२.८२ असे दिसेल, शून्य हेक्टर बारा आर ब्याऐंशी चौरस मीटर.

तिकोनी प्लॉटमध्ये जास्तीत जास्त मोठी गोल टाकी किती बसेल?

क्षेत्रफळाला अर्धपरिमितीने भागा, त्रिज्या आली. १३०, १४०, १५० च्या तुकड्यात ८४०० ÷ २१० = ४० फूट. हे वर्तुळ तिन्ही बांधांना टेकेल, तेव्हा सोडायची जागा त्रिज्येतून वजा करा.

माझा हिशेब आणि सातबारा जुळत नाही. कोणाचे खरे?

एखाद-दोन टक्क्यांचा फरक असेल तर कोणाचे खोटे मानू नका; तुमच्या टेपला झोळ आहे आणि जुन्या मोजणीलाही मर्यादा होत्या. फरक मोठा असेल तर आधी आपल्या खुंट्या खऱ्या हद्दीवर आहेत का ते पाहा. बांध वर्षानुवर्षे नांगराने सरकतात, आणि सूत्राला बांध कोणी सरकवला हे कळत नाही. मग भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गटाचे जुने टिपण आणि नकाशा काढा. टिपणावर बांधांची जुनी मापे असतात, आणि त्यांवरून हेच त्रिकोण मांडून पाहता येतात.

घरगुती मोजमाप अंदाजासाठी आहे, व्यवहारात किंवा वादात ते चालत नाही. तिथे सरकारी मोजणीचा अर्ज करावा लागतो आणि मोजणीदार येतो तेव्हा लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते. हातात मिळते ती मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत. आता मोजणी यंत्राने होते, पण ‘क’ प्रतीवर हद्दीची मापे असतील तर एक कर्ण स्वतः मोजा आणि घरी बसून ताळा करा.